‘खाली घ्या’ म्हणत होता किरण

गावकरी मंडळी, वस्ताद, तालमीतल्या पोरांनो,

हातातली कामं टाकून तुम्ही या शोकसभेला आलात. मी किरणची मोठी बहीण. शाळेत शिकवताना दिवसभर बोलते मी, पण आजचं बोलणं सोपं नाही. जरा सावकाश बोलू द्या.

आत येताना मला दोघातिघांनी बाजूला घेतलं. म्हणाले, “ताई, त्या इंजेक्शनचं नाव काढू नका. अटॅक आला, एवढंच बोला. गावाची बदनामी हुईल.” मी नाव काढणार आहे. भावाबद्दल खोटं बोलायला मी इथं उभी राहिलेली नाही.

जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात किरणनं कुस्ती मारली, तेव्हा तुम्ही सगळे तिथं होता. हलगी वाजत होती, गुलाल उडत होता. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. वर बसून तो म्हणत होता, “खाली घ्या, खाली घ्या.” त्याला उचलणारा संदीप इथंच बसलाय. मला रडत म्हणाला, “ताई, जिंकलेला गडी तसंच म्हणतो की. आमाला वाटलं, लाजतोय.” खरं आहे ते. आपल्याकडं जिंकलेला पैलवान नको नको म्हणतो आणि आपण त्याला आणखी एक फेरी फिरवतो. त्या दिवशी मात्र त्याची छाती दुखत होती. फेरी पुरी होईपर्यंत त्याची मान कलली. श्रीगोंद्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

संदीप, तुझा दोष नाही. सगळ्यांसमोर सांगते. दोष त्या सुईचा आहे, आणि ती तालमीत खपवून घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

डॉक्टरांनी मला समजावलं. ऑपरेशनच्या वेळी पेशंटचा रक्तदाब ढासळला तर द्यायचं औषध ते. धडधाकट पोरानं टोचून घेतलं की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय सुसाट सुटतं. आणि मेंदूला दमल्याचं कळत नाही. शरीर थांब म्हणतं, पण ऐकणारं कोणी नसतं. मग कधीतरी ठोकेच बिघडतात. याला ताकद म्हणायचं?

मेंदूचं काय होतं ते मी घरात बघितलं. झोप उडाली. अन्नावरची वासना उडाली. आई दुधाचा तांब्या घेऊन गेली, तर तिला म्हणाला, “ह्यात काय कालवलंय? मला हरवायला बघता व्हय?” आईला म्हणाला हे. सुई नसली की दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचा. मी भांडले, तर म्हणायचा, “सगळेच घेत्यात, ताई. मी एकट्यानंच हरू का?” आणि तुम्ही काय म्हणत होता? पोरगं तापट झालंय, रक्त गरम हाय, कुस्तीला चांगलं. कौतुक करत होता तुम्ही.

पोरांनो, पुढच्या हगाम्याची तयारी चाललीय तुमची. कुणाच्या पिशवीत काय आहे, मला माहीत आहे. हरलात तर हरा. पाठीला लागलेली माती झटकून उठता येतं. मला हरलेला भाऊ चालला असता. रोज हरला असता तरी चालला असता.

वस्ताद, तुमच्या पाया पडल्याशिवाय किरण आखाड्यात उतरत नव्हता. तुम्ही सुई दिली, असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला दिसत होतं. आज या पोरांसमोर उभे राहा आणि सांगा, तालमीत सुई येणार नाही. मी थांबते. मला घाई नाही.

नाही सरपंच, मला बसायला सांगू नका.

…

वस्ताद उठले. मागं ऐकू गेलं नसेल, मी माईकवर सांगते. ते म्हणाले, “हितनं पुढं ज्याच्याकडं सुई सापडंल, त्याला माझी तालीम बंद. माझ्या सख्ख्या पोराला बी.”

आता तुम्ही बसू नका, वस्ताद. आम्ही सगळे उठतो. किरणसाठी, दोन मिनिटं.