हात कानाला लागला

नाही हो बाबा, कागद ठेवून घ्या म्हणताय, पण ठेवून करू काय? वॉचमन पंचावन्नच्या आतलाच पाहिजे — एजन्सीचा नियम आहे. कुणी केला? कुणी का केला असेना — मीच केला, निकिता मॅडमनी शाबासकी दिली. अहो, इंदिरानगरच्या सोसायट्यांना गेटवर म्हातारं माणूस चालत नाही! म्हणतात, चोर आला तर आधी वॉचमनलाच उचलून बाजूला ठेवावं लागेल. पूर्वी पिकले केस बघून लोक उठून जागा द्यायचे, आता जागेवरून उठवतात. मी नाही का दर रविवारी कलप — ते जाऊ द्या. आधार दाखवा.

एक जून! वाटलंच. हरसूलकडचे ना? तिकडं अख्खी शाळाच एक जूनला जन्मलेली. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायचा — लागला? झालं, पोरगं सहा वर्षांचं, घाल नाव! माझे हात लांब, चौथ्या वर्षीच लागला. केरू गुरुजी खूश, आई खूश — ती दोन वर्षं आत्ता नडली. कशी म्हणजे? मॅडम म्हणाल्या, नियम छान आहे, ऑफिसलाही लावू. येत्या एक जूनला मी पंचावन्न — कागदावर हो! खरा त्रेपन्नचा. पण साक्षीला आणू कुणाला? आई गेली, गुरुजी गेले. पोरीचं कॉलेज अजून बाकी, घरी बोललोच नाय... हसताय काय?

धोंडीराम? नाव कुठं वाचतो मी, तारीखच बघतो. म्हणजे — धोंड्या? हात पुरेना म्हणून दोन वर्षं घरी धाडलेला, अन् मग माझ्याच बाकावर? अरे, तू माझ्याहून चार वर्षांनी मोठा, अन् कागदावर आपण जुळे — येत्या जूनला दोघंही बाद! लय भारी. नाय रे, शब्द कुठं टाकू, माझंच खरं नाय. हात कशाला वर करतोस? आं — लागला की कानाला! थांब, मी पण — आई गं, खांदा — जरासंच राहिलं — नाय लागत. नाय लागत रे, धोंड्या.

हात खाली घ्या, बाबा. काचेतून मॅडम बघतायत. या तुम्ही, फोन करू. — पुढचा कोण आहे? आत या!