लाल पट्टीवरचे चार टाके

—नाही बाबू, शिवता येत नाही असं मी कुठे म्हटलं? लीलाबाईच्या दुकानातून कापड बिनशिवलं वापस जात नाही, तुमसरातल्या कोण्याही राइस मिलवाल्याले विचार. धानाच्या थप्पीवरच्या ताडपत्र्या, ट्रकचे झाकणं, मांडवाचे पडदे – वीस वर्सं झाले, हेच करून राहिली मी. पण हे कापड तसं नाही ना. ताडपत्रीच्या सुईनं शिवलं तं चाळणी होईन याची, बारीक सुई लावा लागन, धागा बदला लागन. बस, बस तू. तो स्टूल नको, त्याचा पाय हालते – हा घे. अन् फाटलं तेवढं आणाचं सोडून हे पूर्ण पिशवी कायले आणली आतमध्ये? बाभळीत अटकलं म्हणते. कुठे, धरणावर? पाण्याले पाय लागाच्या आधीच बाभळीत? वा रे वा. हाव, ऐकलं मी – दोस्त गाडीत बसला आहे, आज हवा जोरात आहे, दोन वाजेपर्यंत पाहिजे. दोनदा ऐकलं. कैची कुठे ठेवली मी... आत्ता तं हातात होती.

तुले वाटलं असन, या बाईले काय समजते, पतंग म्हणून शिवून देईन. मले समजते. काइट म्हणतात याले. हे हवेत, याच्या दोऱ्या तुह्या हातातल्या दांड्याले, दांडा कमरेच्या पट्ट्यात अडकवलेला, पायाखाली फळी, अन् हवा तुले पाण्यावरून वढत नेते. बरोबर? मग सांग, कोणापासी शिकला? – मोबाइलवर. कोणी माणूस नाही? – अठरा व्हिडिओ पायले म्हणते! अरे, मोबाइलवर पाहून भाजीतलं मीठ समजत नाही, अन् तुले हवा समजली? हसू नको. मी मजाक नाही करून राहिली. हा पंखा बंद कर बरं, कापड उडून राहिलं सारं... राहू दे, राहू दे, मीच करतो.

माहा पोरगा अश्विन. एका हंगामाले गोव्यात गेला होता, समुद्राजवळच्या हॉटेलात, भांडे धुवाले. दिवसभर भांडे अन् समोर हे – पाण्यावर उडणारे लोक. त्याचं डोस्कंच फिरलं. वापस आला तं पगार कमी अन् हेच घेऊन आला – कोणीतरी टाकून दिलेलं जुनं सामान, काइट फाटलेली, पट्टे कुजलेले. मी बोलली त्याले, खूब बोलली, मग बसली शिवाले. आई आहो ना. अन् सांगू का, मलेही हौस आली होती. तुमसरात कोणाच्या मायनं असं शिवलं असन? चार दिवस ताडपत्र्या बाजूला ठेवल्या, मिलवाला भुपेंद्र भाऊ ओरडून गेला, मी म्हटलं ओरडा. एक एक शिवण दुहेरी टाकली. मामुली नाही शिवली – ते काइट आजही फाटणार नाही, लिहून देतो.

मे महिना होता, दुपार. असंच, आजच्यासारखं. धरणाच्या पाळीवर गावचे पन्नास लोक जमले, मोबाइल काढून. मीही गेली, डब्यात शेवया घेऊन – शेवया! जशी काही जत्रा. हवा पाण्याकून पाळीकडे येऊन राहिली होती. आता मले समजते, तशा हवेत उडवाचंच नसते, ते तुले दगडावरच आणून टाकते. तेव्हा कोणाले माहीत? सांगणारा कोण होता? अन् मे महिन्यातलं वावधन तुले माहीत नसन, तू नागपूरचा – पान हालत नाही, हालत नाही, अन् मग एकदम असं येते का टिनं उडते. काइट वर गेली. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अन् मग तो जमिनीवर नव्हताच, बाबू. दोन माणसं उंच गेला अन् पाळीच्या दगडावर आपटला, अन् काइट थांबते का? वढतच राहिली. दगडावरून, गोट्यावरून, फरफट फरफट. हिरालाल ढीवर जाळं सुकवत होता, तो धावला, जाळ्याच्या चाकूनं दोऱ्या कापल्या, त्याचीही दोन बोटं कापल्या गेली. म्हणून अश्विन वाचला. खुबा मोडला, मांडी मोडली. सात महिने खाटेवर. आता चालते, पण एका बाजूनं झुकून.

काय? – हाव, सोडाची सोय असते ना. असते. या तुह्या दांड्यालेही आहे, हे पाय, लाल. जुन्यात लाल पट्टी होती, झटका देऊन वढली का सारं सुटते, काइट खाली पडते. वढली त्यानं. वढली म्हणते, पण निघाली नाही. – कशी निघाली नाही म्हणजे? अटकली. जुनं सामान, अटकली असन. दुसरी एक जीव वाचवाची दोरी असते, ते तं त्यानं लावलीच नव्हती, ते कायची आहे हेच माहीत नव्हतं. तू लावते? नाही ना? पाय. अठरा व्हिडिओ.

हा धागाही कसा तुटून राहिला आज.

त्याच गोव्याच्या तिकडे तृप्ती म्हणून एक पोरगी आहे, हे शिकवाचाच धंदा तिचा. अश्विनच्या मोबाइलातून नंबर काढून मी तिले फोन लावला, चोरून. म्हटलं, तुम्ही काय शिकवता वो? ते म्हणे, मावशी, पयल्या दिवशी आम्ही पाण्यात नेतच नाही. लहानी काइट देतो, रेतीवर उभं करतो, हवा कुठून येते, समोर किती जागा पाहिजे, झाड-दगड किती दूर पाहिजे, ते दाखवतो. अन् सगळ्याच्या आधी सोडणं शिकवतो. डोळे मिटून सोड, पडून सोड, उलट्या हातानं सोड, पन्नास डाव. उडणं मागून. अन् म्हणे, शिकलेला माणूस दर वेळी उडवाच्या आधी जमिनीवर एकदा ते लाल वढून पायते – निघते का नाही. दर वेळी, मावशी, वीस वर्सं झाली तरी. मी विचार केला, अरे बापा, एवढंच? एक डाव वढून पायलं असतं तं जमिनीवरच समजलं असतं, ते टाके त्याले तिथंच दिसले असते...

कोणते टाके? काही नाही. टाके म्हटलं का मी? तोंडात बसलं आहे, दिवसभर तेच काम. – तू असा पाहू नको माह्याकडे. पाणी पेतं का? माठात आहे.

बरं, ऐक. ऐकून घे, अन् मग कोणाले सांगू नको, सांगितलं तं सांग. ते लाल पट्टी लोंबत होती. बुटाले असते तशा चिकटपट्टीवर बसलेली, जुनी झालेली, जरा हात लागला का उघडत होती. मी शिवणारी बाई. माह्या नजरेले काय दिसलं? ढिल्लं. ढिल्लं दिसलं का पक्कं कराचं, दुसरं मले येतेच काय? वीस वर्सं झाले, लोक माह्याकडे एकच म्हणत येतात – लीलाबाई, सुटलं नाही पाहिजे. म्हणून चार टाके मारले. निळ्या नायलॉनचे, मेण लावलेल्या धाग्याचे, गाठ मारून. त्याले सांगितलंही नाही. एवढ्याशा कामाचं काय सांगाचं? माह्या पोराचं कायी सुटू नये, एवढंच डोस्क्यात. तृप्तीले मी फोनवर विचारलं, का वो, ते कोणी शिवून टाकलं तं? ते हसली. म्हणे, मावशी, असं कोण करन?

दवाखान्यातून आली त्याच दिवशी मी हिरालालकडे गेली, सामान घेऊन आली, अन् दाढीच्या पत्तीनं ते चारही टाके काढले. धागा चुलीत टाकला. तीन वर्सं झाले. आज तू पयला, ज्याले सांगितलं.

अन् तो काय समजून बसला आहे, माहीत आहे? पट्टी निघाली नाही असं सांगत होता पयले. मग लोकायनं पट्टी वढून पायली, फटकन निघाली. निघणारच! गावभर झालं – पोट्टा डरला, पट्टी वढलीच नाही, अन् आता सामानाचं नाव सांगते. महिनाभर भांडला सगळ्यायसंग. मग भांडणं सोडलं. आता स्वतःच म्हणते, आई, माह्या हातात जोरच नव्हता, वेळेवर माहे हात काम करत नाहीत. गाडी चालवत नाही. ट्रॅक्टर असा चालवत होता पयले, एका हातानं धानाच्या बांदीत फिरवत होता – आता सीटवर बसत नाही. ब्रेक वेळेवर नाही दाबला तं? कोणी समोर आलं तं? भुपेंद्र भाऊनं मिलच्या ट्रॅक्टरवर बोलावलं आहे, सोमवारपासून. आज संध्याकाळी जाऊन नाही म्हणून सांगणार आहे तो. सकाळीच म्हणाला मले. मी भाकरी थापत होती. थापतच राहिली. काय बोलू? तीन वर्सं रोज सकाळी वाटते आज सांगतो, अन् रोज भाकरीच थापतो मी.

त्यानं वढली होती, बाबू. सगळ्या जीवानं वढली होती. मी पायले होते ते टाके, काढताना – चारपैकी तीन उसवत आले होते. एकच राहिला होता. विचार कर, मेण लावलेलं नायलॉन, दगडावरून फरफटताना, मोडलेल्या खुब्यानं – तीन टाके उसवले त्यानं. अन् मी त्याले डरपोक होऊ दिलं. माह्या शिवणाचं नाव खराब होऊ नये म्हणून? नाही, ते नाही. तो माह्याकडे कसा पाहीन, त्याच्या भेवानं. डरपोक कोण आहे आमच्या घरी, ते मले माहीत आहे.

किती वाजले? – बारा? ते पिशवी आण इकडे. नाही, शिवत नाही मी आज. कापड राहू दे, शिवून ठेवतो, पैसे नको देऊ. दांडा अन् पट्टा ने. कोणी शिकवणाऱ्यापासी जा, रेतीवर पन्नास डाव सोडणं शिक, मग ये अन् घेऊन जा. रागावला तरी चालन. दुसऱ्या दुकानात जाशीन म्हणते? तुमसरात हे शिवणारी मी एकटीच आहो, अन् मी नाही देत.

गाडीनं सोडून देतं? नको रे. घरी पायदळच जातो, तो मिलवर निघाच्या आधी. वाटेत कसं सांगाचं ते जुळवा लागन. जुळते कुठे? 'अश्विन, तुह्या हातात जोर होता' – एवढंच तोंडात येते, याच्या पुढे कायीच येत नाही. एवढंच म्हणतो. बाकीचं तोच विचारन, अन् मग त्याले जे बोलाचं ते बोलो मले.

उठ आता. पिशवी उचल तुही. हो बाजूले, शटर वढू दे मले.