चारही उजवे

हातखंब्याला उतरायचं म्हणून सगुणा एसटीत पिशवी मांडीवर घेऊनच बसली होती. पुढच्या बाकावर एक पांढऱ्या दाढीचे चाचा आणि त्यांची बीबी.

"परवा आपल्या नबीलची वरात, नि गाडी चालत नाही हे तुम्ही आज सांगताय?"

"चालते गो. पुढं घेतली की डावीकडच्या चाकांचे नट सुटतात, एवढंच."

"इंटरनेटवरनं मागवलेली नवी कोरी चाकं ना ती?"

"मग! अब्बांच्या जुन्या मोटारीला तारांची चाकं इथं कुठं मिळतायत? चाकं झकास आहेत. दुकानवाल्यानं विचारलं, चाकामागचे हब नि नट डाव्या बाजूचे किती पाठवू, उजव्या बाजूचे किती? दोन्हींचे आटे एकमेकांच्या उलट असतात म्हणे."

"मग?"

"मी कळवलं, चारही उजवे."

"चारही? का?"

"लग्नाचं काम. शुभकामाला डावं कशाला?"

"या अल्ला! मग निकाहला जाताना तुमचा डावा पाय घरी ठेवणार काय?"

"हस, हस. मी तोड काढलीय. गाडी ट्रकवर चढवायची. नबील गाडीत, गाडी ट्रकवर, नि ट्रक दाभोळला."

"ट्रकवर? नवरीकडचे काय म्हणतील?"

"काय म्हणतात! खाली असती तर चाकांकडे कोण बघणार होतं? आता बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येतील."

बीबी हसता हसता बाकावरनं घसरल्या. हातखंबा केव्हाच मागं पडला होता. सगुणा पुढं वाकली.

"चाची, आमचं दुकान हातखंब्याला रस्त्यावरच आहे. ट्रक किती वाजता जायचा हो?"