ऊलाँगचा दुसरा कप

(लॉजची खोली. दारात लॉजवाल्या मावशी, हातात गरम पाण्याची किटली.)

मावशी: ...आणि हे दोन कप, नेहमीसारखे. इंजिनिअर मॅडम नाही आल्या वाटतं या खेपेला?

नवरा: नाही मावशी. या वेळी ही आलीय. माझी बायको.

मावशी: अगंबाई! बरं बरं. चालू द्या तुमचं.

बायको: नेहमीसारखे दोन.

नवरा: अगं, लिफ्टच्या तपासणीला आम्ही दोघं असतो. दिवसभर यंत्राचा खडखडाट. काम उरकलं की खाली व्हरांड्यात कपभर ऊलाँग चहा घ्यायचा. बस्स.

बायको: मी कुठं काय म्हटलं? घरी मात्र या चहाची डबी वरच्या फळीवर. माझा हात पोचणार नाही अशी.

नवरा: एकदा पोचला होता.

बायको: हो, आणि आलं, दूध, साखर घालून चांगला खळखळ उकळला होता मी. तुम्ही म्हणालात, फक्कड! वर दोन कप प्यायलात.

नवरा: प्यायलो.

बायको: दुसऱ्या दिवशी डबी फळीवर. खरं सांगा, कसा झाला होता?

नवरा: आता कशाला ते?

बायको: कसा झाला होता?

नवरा: वाटोळं झालं होतं. याला दूध चालत नाही गं. उकळायचा तर मुळीच नाही.

बायको: आणि मॅडमनी पहिल्यांदा पाजला, तेव्हा काय म्हणालात?

नवरा: म्हटलं, गवताचं पाणी आहे. हसल्या त्या.

बायको: वा! तिला खरं आणि मला फक्कड! एकोणीस वर्षं संसार माझ्याशी, आणि मनातलं बोलायला ती. जळतंय माझं, सरळ सांगते. चहा पिता म्हणून नाही. तिच्याशी खरं बोलता म्हणून.

नवरा: तुझा चेहरा पडला असता.

बायको: आणि तिचा पडला असता तर?

नवरा: पडला असता तर पडला असता. मला काय त्याचं?

बायको: (आपला कप त्याच्यापुढे सरकवते.)

नवरा: काय झालं?

बायको: काही नाही. ओता.

नवरा: थांब, पहिलं पाणी टाकून द्यायचं असतं. पानं उलगडू देत जरा... हं, घे. फुंकर घालू नकोस, तसाच घे. कसा झालाय?

बायको: फक्कड. अजून एक कप द्या.