झऱ्याचा जुना आकडा

“‘पारा पाण्यात असतानाच वाच रे!’ असं झऱ्यांचं तापमान घेताना आमचे साहेब ओरडायचे,” बसच्या रांगेत माझ्यापुढचे म्हातारबाबा लेकीला सांगत होते.

“आणि तुम्ही बाहेर काढून वाचलात ना, बाबा? देशातल्या गरम झऱ्यांच्या यादीत आपला झरा तुमच्या आकड्यामुळे ‘फक्त अंघोळीपुरता’ राहिला. काल मी तापमान मोजलं, तेवढ्यावर वीज होईल!”

“मग घाल की वरच्या वर्गात.”

“जुना आकडा का चुकला, ते लिहावं लागतं. थर्मामीटर बिघडला होता, असं लिहू?”

“त्या बिचाऱ्याला कशाला बोल लावतेस? मी झऱ्यावर गेलोच नव्हतो. आकडा अंदाजानं लिहिला.”

“तुम्ही? का हो, बाबा?”

“तू तान्ही होतीस गं. दोन दिवस तुझाच ताप मोजत बसलो होतो.”