दुसरं नाव ठेवा

जळगावच्या स्टँडवर धुळ्याची गाडी सुटायची होती. आत कुंदाबाईंच्या पुढच्या बाकावर एक म्हातारा-म्हातारी येऊन बसली. मेहरूणला नातीचं बारसं होतं आणि दोघं न जेवताच उठून आली होती, एवढं कुंदाबाईंना लगेच कळलं.

“भरल्या बारशात तुम्ही कशाले बोलनात?” म्हातारी म्हणाली.

“मी इतलंच बोलनू, सुरेखा नको, दुसरं नाव ठेवा.”

“सूनबाईच्या माहेरचे बठ्ठे ऐकत व्हते.”

“आनि तुन्हा पोऱ्या काय बोलना? ‘माझं लोटन नाव ठेवलं तेव्हा मला विचारलं होतं? हाफिसात लोक हसतात. माझ्या मुलीच्या नावात तोंड घालू नका.’”

“त्याले खरं सांगी टाकानं व्हतं.”

“काय सांगू त्याले? ‘तुन्हा आधी आमनी एक पोर व्हती, सुरेखा, सव्वा वरीसनी व्हती तवय मरी गयी? तू तरी जगाले पाहिजे म्हनीसन तुले धुळमा लोटं, लोटन म्हटलं’?”

“हा, तेच.”

“पोर पाळण्यात निजेल शे, आनि तिच्यासमोर मी मरणाची गोष्ट काढू?”

कंडक्टरने घंटी दिली. म्हातारीने पदर तोंडाशी धरला.

“आता बठ्ठ्या बाया तिले त्याच नावाने हाका मारत असतील. तीस वरीस झालं, आपण घरात ते नाव घेतलं नही. आता नातीले हाक मारताना मी कसं घेऊ?”

“तू कशाले घेशील आता?” म्हातारा खिडकीबाहेर बघत म्हणाला. “त्या घरात आपल्याले परत कोन बोलावस?”