सिद्धार्थची यादी आणि सात गाड्या

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहेत त्यांनी पुढे सरका, सतरंजीवर जागा आहे. विहाराचा हॉल लहान नाही, आपणच ऐसपैस बसलो आहोत.

मला बोलायला सांगितलं आहे. एकेचाळीस वर्षांच्या सिद्धार्थबद्दल "होता" म्हणायचं. त्याची आई समोर बसली आहे. करुणा बसली आहे, त्याची बायको. त्यांच्याकडे बघून बोलणं मला जमायचं नाही, म्हणून मी फोटोकडे बघून बोलतो. चालेल ना?

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी मारोतराव. समुद्रपूरच्या कापूस खरेदी केंद्राच्या फाटकासमोर माझा वजनकाटा आहे. त्याच आवारात मी आणि सिद्धार्थचे वडील सोबत हमाली करत होतो. पाठीवर कापूस वाहून मी काटा उभा केला, त्यांनी पाठीवर कापूस वाहून पोरगा इंजिनीअर केला. माझं शिक्षण चौथी नापास. कान मात्र देवानं पक्के दिले. गाडी काट्यावर चढताना इंजिन कसं कण्हतं त्यावरून मी वजन सांगतो. पोरं पैज लावतात आणि चहा पाजून जातात.

कानाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आत्ता मी बोलायला उठलो तेव्हा पहिल्या ओळीतून कुणीतरी माझ्यामागे कुजबुजलं, "भाऊसाहेबांले हिंगणघाटले लगनात जायचं आहे, त्यायले आधी बोलू द्या ना." मी ऐकलं बरं का. उत्तर देतो. भाऊसाहेब, तुम्ही संस्थेचे अध्यक्ष आहात, खरेदी केंद्र तुमचं आहे, पहिली खुर्चीही तुम्ही घेतली. बसा. पण नंबर आला की बोला. दारात करुणाच्या भावानं वही ठेवली आहे. जो जसा आला तसं त्याचं नाव लिहिलं आहे. तुमचं नाव शेवटून दुसरं आहे. माझं वरून तिसरं आहे, म्हणून मी बोलतो आहे.

नंबर म्हणजे काय, हे आपल्याला सिद्धार्थनं शिकवलं. आज तेच बोलू.

तो पुण्याची नोकरी सोडून आला तेव्हा फाटकावर काय चालायचं, आठवा. पहाटेपासून गाड्या लागायच्या. कागदावर नावं लिहायचे, कागद हरवायचा, दुपारी दुसरा निघायचा. दुसऱ्या कागदावर व्यापाऱ्यांच्या गाड्या वर असायच्या. मग शिव्या, मग कॉलर धरणं. दोनदा माझ्या काट्याची काच फुटली. संस्थेनं ही यादी कॉम्प्युटरवर घ्यायचं काम सिद्धार्थला दिलं, तर तो आठ दिवस माझ्या केबिनीत बसला. नुसता बघत होता. मी म्हटलं, "काऊन बे, काम नाई काय तुले?"

तो म्हणाला, "काका, कामच करून राह्यलो. ती बाई पाहा."

अल्लीपूरच्या गिरजाबाई होत्या. आज आल्या आहेत, त्या खांबाजवळ. तेव्हा त्या लघवीला जायला रांगेतून निघाल्या होत्या आणि पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला सांगत होत्या, "दादा, मी तुह्या मांगं आहो. ध्यान ठेवजो." आणि मागच्याला म्हणाल्या, "तू माह्या मांगं आहेस." झालं. कागद नाही, काही नाही. परत आल्या आणि आपल्या जागेवर उभ्या राहिल्या.

सिद्धार्थ म्हणाला, "काका, हेच मी कॉम्प्युटरले शिकवणार आहो."

मला त्यानं समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. चुकलं तर तिथं बसलेल्या त्याच्या दोस्तांनी हसू नये. कॉम्प्युटरमध्ये एक रचना असते. गाडीचा नंबर ही किल्ली. किल्ली लावली की कप्पा उघडतो, कप्प्यात शेतकऱ्याचं नाव, गाव, सगळं. किल्ली द्या, माहिती घ्या. पण साध्या रचनेत एक खोट असते. ती पोत्यासारखी असते. मागाल ते झटकन काढून देईल, पण आत आधी काय टाकलं आणि नंतर काय टाकलं, ते विचाराल तर तिला ठाऊक नसतं. सगळे कप्पे ओतायला सांगा, वाटेल त्या क्रमानं ओतेल. सिद्धार्थनं दुसरी घेतली. तिच्यात प्रत्येक कप्प्याला आपल्या पुढचा कोण आणि मागचा कोण हे माहीत असतं. गिरजाबाईंसारखं. यादी काढली की आली त्या क्रमानं निघते. हजार वेळा काढा, तशीच.

दोन नियम त्यानं मला पाठ करायला लावले. लक्ष देऊन ऐका मंडळी, पुढे लागणार आहेत. एक. कप्प्यातली माहिती बदलली तर जागा बदलत नाही. गिरजाबाईंच्या गावाचं नाव चुकलं होतं, दुरुस्त केलं, त्या नवव्या होत्या आणि नवव्याच राहिल्या. दोन. गाडी खोडली आणि पुन्हा लिहिली, तर ती नवी आली असं धरायचं. सरळ शेवटी. मग तुम्ही तिच्यापुढे पहाटेची वेळ लिहा नाही तर परवाची.

मी विचारलं, "मंग वेळ लिहाचीच काऊन?"

"माणसाले बरं वाटते म्हणून," तो हसला. "रांग वेळेवर नाई चालत काका. कोन कोनाच्या मांगं आला, त्यावर चालते."

पहिला अख्खा हंगाम फाटकावर एक भांडण झालं नाही. रोज संध्याकाळी यादी निघायची आणि माझ्या केबिनीच्या भिंतीला लागायची. कणकेची खळ मीच करून द्यायचो. आजच्या कागदावर उद्याचा कागद, त्यावर परवाचा. भिंत जाड होत गेली. लोक यायचे, बोट ठेवून आपली गाडी शोधायचे, आणि बोट ठेवलेलं असताना त्यांच्या तोंडावर जे यायचं ते मी पाहिलं आहे. आपली जागा आहे. कुणी हलवू शकत नाही. आपल्यासारख्या माणसाला असं किती वेळा वाटतं आयुष्यात?

मग दुसरा हंगाम आला.

एका दुपारी भाऊसाहेबांची जीप माझ्या खिडकीखाली थांबली. भाऊसाहेब, तुम्हाला वाटलं म्हातारा गाड्यांच्या आवाजात आहे. मी आवाजातच वाढलो आहे. सिद्धार्थ जीपजवळ उभा होता. तुम्ही म्हणालात, "प्रोग्रॅमले एक खिडकी ठेव ना. आपल्या मान्सायसाठी." तो म्हणाला, "भाऊसाहेब, खिडकी ठेवली त मंग ते फाटक नाई राहत." तुम्ही हसलात. तो गेल्यावर ड्रायव्हरला म्हणालात, "याच्या बापानं इथं हमाली केली. आता पोरगं आपल्याले रांग शिकवते."

मीही तिथंच हमाली केली, भाऊसाहेब. मी खिडकी लावून घेतली.

तो शनिवार. तुमच्या माणसांच्या सात गाड्या आल्या. फाटकावरच्या माणसाला तुम्ही सांगितलं, वेळ सकाळी सहा दहा टाक. त्यानं टाकली. पण प्रोग्रॅम सिद्धार्थचा होता. अकरा चाळीसला आलेली गाडी, आणि तिच्या खाली सात गाड्या, सातही सहा दहाच्या. फाटकावरच्या माणसानं खोडून पुन्हा लिहिल्या, पुन्हा शेवटी. पुन्हा खोडल्या, पुन्हा शेवटी. केबिनीत बसून मी त्याच्या शिव्या ऐकत होतो. संध्याकाळी तीच यादी निघाली आणि तिच्याकडे न बघता त्यानं ती माझ्या भिंतीला चिकटवली. इतकी घाई होती.

रविवारी तुम्ही नागपूरहून एक माणूस आणला. त्यानं सिद्धार्थची रचना काढली आणि पोतं घातलं. यादी वेळेप्रमाणे लावायची, एवढंच सांगितलं त्याला. सोमवारी सात गाड्या सगळ्यात वर. नवव्या गिरजाबाई सोळाव्या झाल्या. आणि ज्यांच्यापुढे एकच वेळ लिहिलेली होती त्यांच्या गाड्या दर वेळी वर-खाली व्हायला लागल्या. सकाळी एक यादी, दुपारी दुसरी. फाटकावर दगड आले. गिरजाबाई दोन रात्री ट्रॅक्टरखाली झोपल्या.

तेव्हा तुम्ही पायरीवर उभे राहून काय म्हणालात? "पोरानं प्रोग्रॅम चुकीचा बनवला. आम्ही विश्वास ठेवला, आमची चूक." दुसऱ्या दिवशी फाटकावर नोटीस. त्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव, आणि खाली ठळक अक्षरात, सदोष कामामुळे काढून टाकण्यात येत आहे. बापाचं नाव कशाला लिहिलं होतं, भाऊसाहेब? प्रोग्रॅम काय बापानं लिहिला होता?

ती नोटीस आजही तिथं आहे. पावसापासून वाचावी म्हणून तुम्ही तिच्यावर प्लास्टिक लावलं.

त्यानंतर त्याला पुलगावात काम मिळालं नाही, वर्ध्यात मिळालं नाही. जिथं जाई तिथं आधी ती नोटीस पोचलेली असे, फोनमध्ये. शेवटी हिंगणघाटला दुसऱ्याच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरून देत होता. मी असं म्हणत नाही की नोटिशीनं त्याचा जीव घेतला. छातीत कळ आली, वर्ध्याला नेईपर्यंत संपलं. डॉक्टर जे म्हणाले ते खरं. मी फक्त एवढं म्हणतो, की तो खोटा ठरून गेला.

आता माझं सांगतो. करुणा, तू मान वर कर बाई. हे तुलाही ठाऊक नाही.

नोटीस लागली त्याच आठवड्यात सिद्धार्थ माझ्याकडे आला होता. खुर्चीत बसला नाही. म्हणाला, "काका, शनिवारचा कागद आहे काय? तो एक कागद दाखवला त झालं. अकरा चाळीसच्या खाली सहा दहा. लहान लेकराले बी समजन."

मी म्हटलं, "फाटला बापा तो."

फाटला नव्हता. तीन-चार कागदांखाली होता. माझ्या काट्यावर येणारी प्रत्येक गाडी भाऊसाहेबांच्या फाटकातून जाते. मी काटा बघितला आणि पोराला खोटं बोललो. त्यानं भिंतीकडे एकदा पाहिलं. माझ्या दोस्ताचा पोरगा, त्याला खळीचा थर दिसत नव्हता का? दिसत होता. त्यानं मला खोटं पाडलं नाही. "बरं काका," म्हणाला, आणि गेला.

ते "बरं काका" माझ्या कानातून जात नाही. कान पक्के असण्याचं हे असं आहे.

त्याला पोचवून आलो त्या दिवशी मी भिंत ओली केली. कोमट पाण्याचं फडकं, आणि सुनेची भाकरीची उलथणी. एकेक कागद सोडवत गेलो. वरचा हंगाम निघाला, नोटिशीचा आठवडा निघाला, आणि मग तो शनिवार. एक कोपरा गेला. बाकी अक्षर न् अक्षर शाबूत. तेवढ्यावर थांबलो नाही. माझ्या काट्याची चिठ्ठी मशीन छापतं, वेळही मशीनच टाकतं, तिथं कुणाचं काही चालत नाही. कार्बन कॉपीचे गठ्ठे मी टाकत नाही. भरलेली गाडी आधी माझ्या काट्यावर चढते, मगच फाटकावर तिचं नाव लागतं. त्या सात गाड्यांच्या सात चिठ्ठ्या काढल्या. एकही दुपारी बाराच्या आधीची नाही. पहाटे सहा दहाला ज्या गाड्या फाटकात उभ्या होत्या, त्या दुपारी बारानंतर माझ्या काट्यावर भरलेल्या चढल्या. भाऊसाहेब, हे कसं झालं ते लगनात विचारतील तुम्हाला. उत्तर तयार ठेवा.

उठू नका. अजून तुमचा नंबर आला नाही.

आणि माइक बंद करायला त्या पोराला खुणा करू नका. माइक माझ्या काट्यावरचा आहे.

मला कुणी म्हणेल, मारोतराव, शोकसभेत हे बोलायचं असतं का? गेलेल्याच्या चार चांगल्या गोष्टी सांगाव्या, हात जोडावे, घरी जावं. मग सांगा, कुठे बोलायचं होतं? त्याच्याबद्दल जे खोटं लिहिलं ते फाटकावर लिहिलं, गावादेखत. खरं काय माजघरात सांगायचं? मी शांत माणूस आहे. सगळ्यांशी हसून राहिलो म्हणून इथवर आलो. पण ह्या बाबतीत मला शांती नको आहे. मला ते प्लास्टिक फाडलेलं पाहायचं होतं.

ते मी आज दुपारी चारला फाडलं.

सभा सुटल्यावर फाटकावरून जा. नोटीस काढली नाही, तिला राहू दिलं आहे. तिच्यावर खळ लावून शनिवारची यादी चिकटवली आहे, आणि खाली सात चिठ्ठ्या. त्याच्याखाली मी एक कागद लावला आहे, मोठ्या अक्षरात, सुनेकडून लिहून घेतला. हे कुणी कुणी केलं त्यांची नावं, कुणामागे कोण त्या क्रमानं. तुम्ही म्हणाल पहिलं नाव भाऊसाहेबांचं. नाही. पहिलं माझं आहे. कागद माझ्या भिंतीवर होता आणि मी तो दडवला, म्हणून मी आधी. भाऊसाहेब, तुम्ही माझ्या मागे आहात. ध्यान ठेवजा. खोडून पुन्हा लिहायचं असेल तर लिहा, पण माझ्याकडे छायाप्रतींचा गठ्ठा आहे, आणि गिरजाबाईंनी दहा अल्लीपूरला नेल्यासुद्धा आहेत.

आता फुलं वाहू. वहीत आहे त्या क्रमानं उठायचं. आई पहिल्या, मग करुणा, मग मी, मग जो जसा आला तसा. मध्ये कुणी घुसायचं नाही. भाऊसाहेब, हार घेऊन रांगेत उभे राहा. तुमच्या पुढं गिरजाबाई आहेत. त्यांना विचारा, त्या सांगतील तुमची जागा.

त्याआधी दोन मिनिटं उभे राहू. काही बोलू नका. मोबाइल बंद ठेवा. त्याला ऐकू येत असेल नसेल, मला माहीत नाही. मला तेवढा वेळ त्याचं "बरं काका" ऐकायचं आहे.

सिद्धार्थ, बेटा, कागद सापडला. तुला शेवटचा जयभीम.

उभे राहा, मंडळी.